चार बोटं माती: रोमन व्हिला न खणता शोधायच्या नोंदी, २०२२

१३ फेब्रुवारी २०२२, रविवार

वही हरवते म्हणून आता इथेच लिहितेय. आमचा गट म्हणजे दहा-बारा हौशी लोक, त्यात निवृत्तच जास्त, मी एकटी आयटीवाली आणि एकटी देशी. गटाच्या प्रमुख आहेत सत्तरीच्या एक बाई, आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला, त्यांना मी मनातल्या मनात बाईच म्हणते. यंदाचं काम एका रोमन व्हिलाचं, म्हणजे रोमन काळातल्या खेड्यातल्या मोठ्या वाड्याचं. दक्षिण इंग्लंडमधला खडूच्या खडकाचा उतार, त्यावर नांगरटीचं शेत, आणि दर वर्षी नांगरणी झाली की वर येणारे लाल कौलांचे तुकडे न् मोझॅकचे, म्हणजे नक्षीदार फरशीचे, बोटाच्या पेराएवढे चौकोनी खडे. नेमकं शेत कुठलं ते मुद्दाम लिहीत नाही. इकडे रात्री मेटल डिटेक्टर घेऊन शेतं पोखरणाऱ्यांना नाइटहॉक म्हणतात आणि त्यांना आयता पत्ता द्यायची माझी इच्छा नाही.

एकोणिसाव्या शतकात इथल्या धर्मगुरूने हौसेने दोन खोल्या खणल्या होत्या, मोझॅक सापडलं, गावभर लोक बघायला आले, आणि मग ते उघडंच राहिलं. दोन-तीन हिवाळ्यांत दंव शिरून खडे सुटले. आता उरलाय त्याचा एक रंगीत नकाशा, तोही तिरका काढलेला. म्हणून यंदा ठरलंय की फावडं गाडीतसुद्धा ठेवायचं नाही.

आज फक्त लायडार. विमानातून लेझर मारून जमिनीची उंची मोजलेली असते, इथल्या पर्यावरण खात्याने एक मीटरच्या जाळीचा डेटा सगळ्यांना फुकट ठेवलाय, उतरवून घ्यायला चहा गार होईपर्यंतचा वेळ. चारी बाजूंनी खोटा सूर्य लावून सावल्या पाडून बघितल्या. शेतात एक बुटकी पायरी दिसते, जेमतेम २० सेंमी उंच, पण सरळ रेघेत. निसर्ग इतक्या सरळ रेघा फारशा मारत नाही. शेतकरी मारतो मात्र, त्यामुळे अजून उड्या मारायच्या नाहीत.

६ मार्च, रविवार

परवाना आला. शेताचा वरचा अर्धा भाग संरक्षित स्मारकाच्या यादीत आहे, आणि जुन्या स्मारकांच्या १९७९ च्या कायद्याचं कलम ४२ सांगतं की अशा जागेवर जमिनीतला धातू किंवा खनिज शोधणारं कुठलंही यंत्र न्यायचं तर हिस्टॉरिक इंग्लंडची, म्हणजे इथल्या सरकारी वारसा संस्थेची, लेखी परवानगी पाहिजे, आणि त्यात आमचं मॅग्नेटोमीटर, म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजायचं यंत्रही येतं. मला आधी हे विनोदी वाटलं होतं, खणणार नाही, हात लावणार नाही, नुसतं चालणार आणि त्याला परवाना. बाई म्हणाल्या, चोरही आधी नुसतेच चालतात.

खालचा अर्धा भाग यादीत नाही. ही हद्द त्या धर्मगुरूच्या तिरक्या नकाशावरून आखलेली. लिहून ठेवते, पुढे कामाला येईल असं वाटतंय.

१९ मार्च, शनिवार

पहिला दिवस, आणि पूर्ण वाया. आणि तो माझ्यामुळे.

यंत्र ग्रेडिओमीटर, मॅग्नेटोमीटरचाच एक प्रकार, भाड्याने आणलेलं. आडवी दांडी, तिच्या दोन टोकांना दोन उभ्या नळ्या, प्रत्येक नळीत वर-खाली एक मीटर अंतरावर दोन सेन्सर. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र इथे साधारण ४९ हजार नॅनोटेस्ला, आणि आपण शोधतो ते बुजलेले चर दाखवतात जेमतेम दोन-पाच नॅनोटेस्लाचा फरक. खालच्या सेन्सरच्या आकड्यातून वरच्याचा वजा करायचा म्हणजे दिवसभरात पृथ्वीचं क्षेत्र जे हलतं ते दोन्हीकडून सारखंच कटतं आणि जमिनीतलं तेवढं उरतं. सुंदर कल्पना आहे. फक्त यंत्र धरणाऱ्याच्या अंगावर लोखंड नको. चेन नको, बक्कल नको, बुटाच्या नाडीच्या धातूच्या कड्या नकोत, तारेची ब्रा नको, किल्ल्या नकोत, फोन तर नकोच. मी आदल्या रात्री ट्रॅकपँट, नाडी, रबरी गमबूट अशी कुस्तीला निघाल्यासारखी तयारी केली होती.

पण आकडा ठरेना. यंत्र शून्यावर आणायचं, उत्तरेला तोंड केलं की शून्य, दक्षिणेला वळलं की सहा, पकड बदलली की परत तीन. बाईंनी सेन्सर तपासले, केबल तपासली, जागा तीनदा बदलली. दुपारी जेवताना त्यांची नजर माझ्या मधल्या बोटाकडे गेली. घोड्याच्या नालेची अंगठी! साडेसातीसाठी आईने घातलेली, आठ वर्षं बोटातच आहे, मला ती अंगावर आहे हेच आठवत नाही. आता हे इंग्रजीत कसं सांगायचं, शनी लोखंडाचा म्हणून घोड्याच्या पायातलं झिजलेलं लोखंड वगैरे. म्हटलं, आईने दिलीय. तेवढं सगळ्यांना कळलं. साबण लावून काढली, गाडीत ठेवली, आकडा पाच मिनिटांत शांत.

आई, तुला हे सांगणार नाहीये.

२० मार्च, रविवार

नऊ ग्रिड झाले. एक ग्रिड ३० बाय ३० मीटर, रांगा एक मीटरवर, रांगेत दर २५ सेंमीला एक रीडिंग, म्हणजे ग्रिडमागे ३,६०० रीडिंग. यंत्र दर सेकंदाला टिक करतं आणि त्या टिकेला बरोबर एक मीटर पाऊल पडलं पाहिजे. चढावर, चिखलात. लेझीमच्या तालमीनंतर इतकी मोजून पावलं कधी टाकली नव्हती. नऊ ग्रिडांचे चार किलोमीटर होतात, ऐकायला काहीच नाही, पण पोटऱ्यांना विचारा. पाचव्या ग्रिडला मी येताना सतत टिकेच्या पुढे जात होते बहुतेक, कारण चित्रात त्या चौकोनातल्या सगळ्या रेघा करवतीच्या दातांसारख्या आल्यात. सॉफ्टवेअरमध्ये एक आड एक रांग अर्धा मीटर मागे सरकवली की जुळतात, पण आधी माझं नाव घेऊन सगळे हसले.

चित्र. करड्या रंगात, काळं म्हणजे जास्त, पांढरं म्हणजे कमी. खाली दोन लांब काळ्या रेघा समांतर, मध्ये सहा मीटर मोकळे, हा बहुतेक रस्ता आणि त्याच्या दोन बाजूंचे चर. चर काळे का दिसतात तर वरच्या मातीत चुलींमुळे, जळण्यामुळे, जिवाणूंमुळे लोहाची खनिजं जास्त चुंबकीय झालेली असतात, चर पडून राहिला की हीच माती त्यात भरते आणि कायमची तिथे बसते. म्हणजे १,८०० वर्षांपूर्वी कुणी तरी मारलेला फावड्याचा घाव आज पायाने चालून वाचता येतो. हे मला अजून खरं वाटत नाही.

मधोमध मात्र एक मोठा आयत, आणि त्यात काहीच नाही, कडेला अस्पष्ट पांढरट रेघ एवढंच. बाई खूश. भिंती गारगोटीच्या आणि चुन्याच्या, दोन्हीत चुंबकीय असं काही नाही, आजूबाजूच्या मातीपेक्षा कमीच, म्हणून भिंत काळी नाही तर पांढरी दिसते. रिकामं दिसतंय तिथेच घर असू शकतं.

आणि खालच्या कोपऱ्यात एक भलामोठा ठिपका, ९० नॅनोटेस्ला! सगळे एकदम: भट्टी.

२ एप्रिल, शनिवार, पाडवा

शेतावर गेले नाही, श्रीखंड विकतचं. भट्टीवर वाचत बसले.

भाजलेली माती चुंबक होते. साडेपाचशे-सहाशे अंशांच्या वर तापली की तिच्यातल्या लोहकणांची जुनी दिशा पुसली जाते, आणि थंड होताना त्या दिवशी पृथ्वीचं क्षेत्र जिकडे होतं तिकडे तोंड करून ते गोठतात. इंग्लंडमध्ये ही युक्ती पहिल्यांदा चालली तीच मुळी रोमन भट्ट्यांवर. १९५८ साली पीटरबरोजवळ वॉटर न्यूटन इथे मोठा रस्ता रुंद करायचा होता, तिथे कुंभारांच्या भट्ट्या असणार हे पुरातत्त्ववाल्यांना माहीत होतं पण रस्त्याआधी सगळं खणायला वेळ नव्हता, तेव्हा ऑक्सफर्डच्या मार्टिन एटकिनने प्रोटॉन मॅग्नेटोमीटर शेतात नेला आणि भट्टी सापडली. त्याच्या बारा वर्षं आधी, १९४६ ला, रिचर्ड अॅटकिन्सनने टेम्सकाठच्या डॉर्चेस्टरला जमिनीत वीज सोडून विरोध मोजला होता. म्हणजे हे सगळं शास्त्र माझ्या बाबांच्या वयाचं, थोडं मोठं.

एक शंका मात्र डोक्यात बसलीय. इथल्या अक्षांशावर भट्टीचा ठिपका मोठा काळा आणि त्याच्या उत्तरेला छोटी पांढरी सावली असा दिसायला पाहिजे. आमच्याची सावली पश्चिमेला आहे. नुसतं लोखंड असलं तर ते कुठेही तोंड करून पडतं.

१० एप्रिल, रविवार

शंका खरी. शेतकरीबुवा स्वतः आले होते, साठीचे, कमी बोलणारे. बाईंनी त्यांना ठिपका दाखवला तर त्यांनी स्क्रीनकडे नीट बघितलंही नाही. म्हणाले, तिथे आमच्या वडलांनी जुना बाइंडर पुरला, मी सात-आठ वर्षांचा होतो. बाइंडर म्हणजे पीक कापून पेंढ्या बांधायचं यंत्र. भंगारवाला येईना म्हणून खड्डा करून ढकलून दिला. आमची रोमन भट्टी ती.

कुणी काही बोललं नाही आणि मग सगळे एकदमच बोलायला लागले. मी नियम लिहून घेतला: यंत्र काढण्याआधी शेतकऱ्याला चहा पाजायचा.

१९ जुलै, मंगळवार

मधले तीन महिने काही नाही. बार्ली वाढत होती, पिकात पाय टाकायला परवानगी नाही, बरोबरच आहे.

आज लिंकनशरमध्ये ४०.३ अंश, या देशातला आजवरचा सगळ्यात जास्त आकडा. ऑफिसचे लोक मला विचारतात तुला तर सवय असेल. सवय असते ती पंख्याची, जाड भिंतींची, दुपारी दारं लावून घ्यायची, इथे घर म्हणजे थर्मास. पण बाईंचा मेसेज सकाळीच: पीक बोलायला लागलंय, शनिवारी या.

२३ जुलै, शनिवार

आजचा दिवस मी विसरणार नाही.

रस्त्यावरून काहीच दिसत नाही, नुसती पिवळट बार्ली. गटातल्या एकाने ड्रोन वर नेला, ऐंशी मीटरवर गेल्यावर स्क्रीनवर घर उभं राहिलं. अक्षरशः घर. एक लांब ओसरी, तिच्या मागे ओळीने खोल्या, मी सहा मोजल्या, बाईंनी सात, आणि पूर्व टोकाला एक अर्धगोल बाहेर आलेला, तो बहुधा स्नानगृहाचा. भिंतींवर मातीचा थर पातळ, मुळांना पाणी नाही, तिथली बार्ली आधी वाळून फिकट झालेली, आणि त्या बाहेरच्या चरांवर मात्र माती खोल, ओल टिकलेली, तिथे अजून हिरवट पट्टा. जमिनीवर उतरून त्याच जागी उभी राहिले तर मला ओसरीची भिंत सापडेना. गुडघ्यावर बसून कणसं बघितली तेव्हा कळलं, एका पावलात बार्ली माझ्या मांडीवरून गुडघ्यावर येते, कणीस अर्ध्या लांबीचं, आणि दोन पावलं टाकली की परत पूर्वीसारखी. एक हात इकडे एक हात तिकडे असं धरून बघितलं. मध्ये भिंत होती.

मॅग्नेटोमीटरने रिकामा दाखवलेला आयत तो हाच, पण त्याहून मोठा. खोल्यांची निम्मी रांग संरक्षित हद्दीच्या खाली येते. कायद्याची रेघ घराच्या मधून गेलीय, पाचव्या खोलीच्या आसपास.

रात्री बाबांना फोटो पाठवले. त्यांचा फोन आला. "आगं, हे तर आपल्या उकिरड्यावानी." आमच्या शेतात जिथे आज्ज्याच्या वेळचा उकिरडा होता तिथली ज्वारी अजून काळीभोर येते, हे मी लहानपणापासून बघितलंय आणि कधी दोन गोष्टी जोडल्या नाहीत. मग म्हणाले, आणि जुन्या गावच्या पांढरीवर? ही काळी आणि ती पांढरी हे आमच्याकडे पोरालाही कळतं, काळी म्हणजे पिकाची माती आणि पांढरी म्हणजे वस्तीची, शेकडो वर्षांच्या राखेची, शेणाची, पडलेल्या भिंतींची. लोकांनी ती गाड्या भरभरून खत म्हणून शेतात नेली आणि तिच्याबरोबर गावंच्या गावं गेली. शेवटी त्यांनी विचारलंच, "खणायचंच न्हाई तर हुडकायचं कशाला?"

मी म्हटलं, खणलं की ते संपतं बाबा. ते म्हणाले, हं. पटलं नाही.

२७ आणि २८ ऑगस्ट, बँक हॉलिडेचा आठवडा

कापणी झाली. धसकटांवर दोन दिवस.

शनिवारी आधी रेझिस्टन्स मीटर. लोखंडी चौकट, अर्ध्या मीटरवर दोन खिळे, ते जमिनीत टेकवायचे, दुसरी जोडी दूर कुठे तरी रोवलेली, वीज सोडायची, विरोध मोजायचा, कोरडी भिंत जास्त विरोध, ओला चर कमी. कागदावर. उन्हाळ्याने माती विटेसारखी झालेली, खिळे टेकतच नव्हते, आकडे वाटेल तसे. एकाने पाण्याची बाटली ओतून बघितली, आकडा आला, पण तो त्या बाटलीचा. दीड तासात गुंडाळलं. फेब्रुवारीत करायचं.

मग रडार. हे माझं आवडतं, ढकलायची गाडी आहे, भाजीवाल्याच्या हातगाडीची धाकटी बहीण, तळाशी ४०० मेगाहर्ट्झचा अँटेना. खाली लहर सोडतो, आतल्या बदलावर आपटून ती परत येते, किती नॅनोसेकंदांत आली ते लिहून घेतो. घराच्या खालच्या निम्म्या भागावर ४० बाय ३० मीटर, रांगा २५ सेंमीवर, १२१ रांगा, जवळपास पाच किलोमीटर. धसकटांवर गाडी टणटण उडते आणि उडाली की अँटेना जमिनीपासून सुटतो, म्हणून दोघं ढकलायला आणि एक पुढे धसकटं तुडवायला. मी तुडवणारी.

उतारावर वर, डाव्या हाताच्या कोपऱ्यात खडूच्या डोक्यावर लालसर चिकण माती आहे, गारगोट्या मिसळलेली. तिथे रडार गेलं आणि मेलं. अर्ध्या मीटरखाली स्क्रीनवर नुसता धूर. चिकण मातीत वीज वाहते आणि लहर तीच खाऊन टाकते. मला घरचीच आठवण झाली, आमच्या काळ्या मातीत हे यंत्र नेलं तर वीतभरही आत दिसणार नाही. मॅग्नेटोमीटरही नेऊन उपयोग नाही, खाली सगळा काळा पाषाण, तो स्वतःच चुंबक. तेर माझ्या आजोळापासून तासाभरावर, पेरिप्लस या जुन्या ग्रीक व्यापारी नोंदीतलं तगर ते हेच मानतात, पॉम्पेईत, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या रोमन शहरात, सापडलेल्या हस्तिदंती बाईची बहीण शोभेल अशी बाहुली तिथे मिळालीय, आणि मी इथे परक्याच्या बार्लीत रोमन हुडकतेय. खडू हा खडक म्हणजे या यंत्रांचे लाड करणारी आजी आहे, हे इथल्या लोकांना सांगून पटत नाही.

११ सप्टेंबर, रविवार

दोन आठवडे रात्री डेटा घोळतेय. सगळ्या रांगा जोडून आडवे काप काढायचे, खरवसाच्या वड्या पाडाव्यात तसे, एकेक थर खाली.

वरचा काप, २० सेंमीपर्यंत: नांगराचे ओरखडे, सगळे एका दिशेने. त्याखाली भिंती, पण तुटक, जिथे ओरखडे खोल तिथे भिंतीला खिंडार. मग पाचव्या खोलीत एकदम सपाट, जोरदार, कडेपासून कडेपर्यंत एकसारखा प्रतिध्वनी. फरशी. बाईंनी फोनवर तीनदा विचारलं, नक्की? नक्की फरशी, पण कसली ते रडारला कळत नाही. मोझॅक असेल, नुसता कौलांचा चुरा घातलेला गिलावा असेल. नक्षी दिसणार नाही, रंग तर नाहीच. गटातल्या एकाने लगेच मोझॅक सापडलं म्हणून टाकायला फोटो मागितला, दिला नाही.

खरा प्रश्न वेगळाच. फरशीचा प्रतिध्वनी साडेसात नॅनोसेकंदांना येतो. वेळ माझ्याकडे आहे, खोली नाही. खोलीसाठी मातीतला वेग पाहिजे. नॅनोसेकंदाला ९ सेंमी धरला तर जाऊन-येऊन निम्मं करून फरशी ३४ सेंमीवर. माती दमट समजून ७ धरला तर २६ वर. आणि नांगर जातो दहा इंच, म्हणजे २५. म्हणजे मध्ये एक तर नऊ सेंमी माती आहे, नाही तर एक सेंमी. एका गृहीतकावर सगळं लटकलेलं, आणि रिपोर्टमध्ये तो आकडा बिनधास्त एका ओळीत छापून मोकळं होता येतं, छापलेला बघितलाही आहे मी.

१७ सप्टेंबर, शनिवार

वेग मोजला. सोपं निघालं. शेताच्या कडेला जनावरांच्या पाण्याची टाकी आहे, तिला जाणारा पाइप टाकीपाशी उघडा पडलाय. तिथे टेप लावून खोली घेतली, ६१ सेंमी, आणि त्याच पाइपवरून दोन पावलं अलीकडे रडारची गाडी आडवी नेली. पाइपवरून जाताना स्क्रीनवर उलट्या कढईसारखी कमान येते, तिचा माथा १४.५ नॅनोसेकंदांना. १२२ भागिले १४.५, वेग ८.४.

म्हणजे फरशी साधारण ३१-३२ सेंमीवर. वरची माती पाइपाभोवतीच्या मातीपेक्षा कोरडी, तिच्यात लहर थोडी जोरात पळते, म्हणून एखाद-दोन सेंमी जास्त धरू. नांगराच्या टोकापासून सहा ते आठ सेंमी.

हात आडवा धरून बघितला. चार बोटं.

८ ऑक्टोबर, शनिवार

दसऱ्याला भाड्याची गाडी माझ्याच घरी होती, खंडेनवमीचं निमित्त साधून रडारला हळदकुंकू लावलं. परत देताना पुसलं, पण चाकाच्या कडेला थोडं राहिलं असणार.

आज पाऊस, म्हणून वाचन. फालेरी नोवी हे रोमन शहर, रोमच्या उत्तरेला ५० किलोमीटर, इसवी सन पूर्व २४१ मध्ये वसवलेलं, साधारण ७०० च्या सुमारास ओस पडलं, आणि वर कुणी दुसरं शहर बांधलं नाही हे त्याचं नशीब. केंब्रिज आणि गेंट विद्यापीठांच्या लोकांनी भिंतीच्या आतलं सगळंच्या सगळं, ३०.५ हेक्टर, रडारने मोजलं, चारचाकी बाइकमागे अँटेनांची रांग बांधून, दर साडेबारा सेंमीला रीडिंग. २०२० ला छापलं. देऊळ, बाजार, स्नानगृह, आणि घरांच्या खालून गेलेले पाण्याचे पाइप, म्हणजे आधी पाइप टाकले आणि मग घरं, आमच्या नगरपालिकेला हे दाखवलं पाहिजे. पण मला पटलेलं वाक्य दुसरंच: डेटाचे २८ अब्ज बिंदू आणि एका हेक्टरचा अर्थ हाताने लावायला वीस एक तास. बाइक पळते, डोळे नाही पळत. मी माझा एक-अष्टमांश हेक्टर दोन आठवडे घोळवत बसले तेव्हा स्वतःला मठ्ठ समजत होते, जरा बरं वाटलं.

ऑस्ट्रियातल्या कार्नुन्टम या रोमन शहरात अशीच अख्खी ग्लॅडिएटर शाळा जमिनीखाली सापडली, २०११ ला जाहीर केली. छोट्या कोठड्या, गोल आखाडा, आखाड्याच्या मधोमध खांब रोवायची जागा, सगळं रडारमध्ये. उलट पॉम्पेईत १७४८ पासून खणताहेत, तरी एक तृतीयांश शहर मुद्दाम न खणता ठेवलंय, आणि खणलेल्यापैकी तिथल्या ग्लॅडिएटरांची म्हणतात ती इमारत २०१० च्या नोव्हेंबरात एका सकाळी पावसाने कोसळली. राखेखाली अठराशे वर्षांच्या वर तग धरलेली. बाबांना हा फोटो पाठवला. दोन तासांनी उत्तर आलं, "आता कळलं." अंगठा पण पाठवला.

१५ ऑक्टोबर, शनिवार

शेतकरीबुवांच्या स्वयंपाकघरात बैठक. मला वाटलं होतं नकाशा बघून ते हरखतील. त्यांनी चष्मा लावला, बोट पाचव्या खोलीवर ठेवलं आणि म्हणाले, या शरदात मी इथे सबसॉयलर घालणार होतो. सबसॉयलर म्हणजे खालची दाबलेली माती फोडायचा लांब दात, ४०-४५ सेंमी जातो. हद्दीच्या वर घालता येत नाही ते त्यांना माहीत, म्हणून हद्दीच्या खालीच घालणार होते. कायद्याने पूर्ण बरोबर.

बराच वेळ कुणी बोललं नाही. बाईंनी सरकारी योजनेचं काढलं, तेवढा तुकडा नांगरणीतून काढून गवताखाली ठेवला तर पैसे मिळतात. त्यांनी फॉर्मच्या पानांचा हिशोब सांगितला, त्यात दोन शिव्या. मग मला विचारलं, हे तुझ्याकडे शेपफाइलमध्ये, म्हणजे नकाशातल्या आकारांच्या फाइलमध्ये, आहे का? मी चहाचा कप खाली ठेवला. त्यांचा ट्रॅक्टर जीपीएसवर चालतो, दोन-तीन सेंमीच्या अचूकतेने, त्यात वगळायच्या जागा घालता येतात, विजेच्या खांबांसाठी ते घालतातच. खांब वगळतो तसं घर वगळू, म्हणाले.

मी भिंतीभोवती पाच मीटर मोकळे धरून बहुभुज काढून दिला. पाच का? आमच्या ग्रिडची चूक, ट्रॅक्टरची चूक, वळताना मागचं अवजार बाहेर झुकतं ते, आणि वर थोडी भीती.

५ नोव्हेंबर, शनिवार

बांधावर उभी राहून बघितलं. केबिनमध्ये एकालाच जागा, पण त्यांनी दार उघडं ठेवून स्क्रीन दाखवली, हिरव्या शेतात माझा लाल आकार, पूर्वेला अर्धगोलाचं पोट आलेलं. रेघेपाशी आले, सबसॉयलर वर, रिकामे पुढे गेले, दात परत खाली. मध्ये धसकटांचा न फोडलेला पट्टा राहिला, बाजूच्या काळ्या-पांढऱ्या मातीत पिवळा.

एक गोष्ट आमच्या लक्षात आली नव्हती, ती त्यांच्या आली. दात उचलला तरी नऊ-दहा टनांचं धूड त्याच फरशीवरून जातंय. तिसऱ्या फेरीनंतर ते थांबले, उतरले, जमीन बुटाने दाबून बघितली आणि मग उरलेल्या फेऱ्या घराला वळसा घालून मारल्या. डिझेल जास्त गेलं असणार. मी विचारलं नाही.

११ डिसेंबर, रविवार

रिपोर्ट जिल्ह्याच्या वारसा नोंदीत दिला, हिस्टॉरिक इंग्लंडला परवान्याप्रमाणे प्रत. सोबत कच्चा डेटासुद्धा, चित्रं नाही नुसती: आकडे, ग्रिडचे कोपरे, यंत्राची सेटिंगं, कुठल्या रांगा सरकवल्या ते, पाइपची खोली. पाचव्या ग्रिडच्या करवतीच्या दातांसकट. वेग ८.४ कसा आला ते एक पान लिहिलंय, उद्या कुणाला जास्त चांगली पद्धत सुचली तर त्याने माझा आकडा मोडावा. हद्द बदलायचा अर्जही जोडलाय, त्याला वेळ लागेल म्हणतात.

फेब्रुवारीत रेझिस्टन्स मीटर, ओल असेल तेव्हा, आधी तिसरी आणि चौथी खोली. चिकण मातीचा कोपरा रडारने होत नाही, तिथेही तोच चालवून बघायचा. बाइंडरच्या ठिपक्यावर नकाशात 'बाइंडर' असं स्पष्ट लिहायचं, नाही तर पन्नास वर्षांनी कुणी तरी परत भट्टी म्हणून नाचेल. अंगठी घरी ठेवायची.